पळताना अंगावर उठते ते ‘पित्त’ नव्हे

अंगावर गांधी उठल्या की आपण सरळ म्हणतो, ‘पित्त उठलं’. शब्द जुना आहे, पण माझ्या मते त्याने रुग्णांचे बरेच नुकसान केले आहे. पित्त म्हटले की लक्ष पोटाकडे जाते. मग ॲसिडिटीची गोळी घेतली जाते, आंबट-तिखट बंद होते, अंगाला आमसुलाचे पाणी लागते. गार पाण्याने खाज थोडी शमते हे खरे, पण या गांधींचा जठरातल्या आम्लाशी संबंध नाही. त्वचेतल्या मास्ट पेशींमधून हिस्टामिन सुटते, बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि तिथे फुगवटा येतो. गांध म्हणजे तेवढेच.

व्यायामाने उठणाऱ्या गांधी बहुतेकदा कोलिनर्जिक अर्टिकेरिया या प्रकारच्या असतात. शरीर तापून घाम येऊ लागला की छाती, मान, हातांवर टाचणीच्या डोक्याएवढे लालसर उंचवटे येतात, टोचल्यासारखी खाज सुटते आणि तासाभरात सारे मावळते. गरम पाण्याची अंघोळ, झणझणीत जेवण, परीक्षेची धास्ती यांनीही हेच होते. त्रास तरुणांना जास्त. सेटिरिझिनसारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली की बहुतेकांचे निभावते. अशा रुग्णाला ‘व्यायामच सोडून दे’ सांगणे मला पटत नाही. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या मुलाला हे सांगायचे तरी कसे? हळूहळू वेग वाढवून रोज घाम काढला तर काहींचा त्रास उलट कमी होतो.

खरी काळजी दुसऱ्या प्रकाराची. तो विरळा आहे, पण जिवावर बेतू शकतो. यात गांधी मोठ्या, पसरट असतात. ओठ-पापण्या सुजतात, घसा आवळतो, धाप लागते, पोटात कळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. हा ॲनाफिलॅक्सिस. काही जणांत तो ठरावीक पदार्थ खाऊन व्यायाम केला तरच होतो. बहुधा गहू, कधी कोळंबी. नुसती पोळी खाल्ली तर काही नाही, नुसते पळाले तरी काही नाही. पोळी खाऊन दोन तासांनी पळाले की घात. म्हणूनच तो वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. त्यात ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतलेली असेल तर धोका वाढतो. सामन्याआधी ‘पाय दुखू नयेत म्हणून’ गोळी घेण्याची फॅशन मला म्हणूनच खटकते.

अशी लक्षणे दिसताच त्या क्षणी थांबा. ‘एवढी फेरी पुरी कर’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकाचे ऐकू नका. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर बसू द्या. उभे करून चालवू नका. उपचार म्हणजे मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन, तेही लवकर. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. एकदा असे झाले असेल तर तपासणी होईपर्यंत एकट्याने पळायला जाऊ नका. पदार्थ ओळखला गेला, तर तो खाल्ल्यावर चार ते सहा तास व्यायाम टाळायचा असतो.

दवाखान्यात येईपर्यंत गांधी बहुधा गेलेल्या असतात. तेव्हा मोबाइलवर फोटो काढा, शेजारी एखादे नाणे ठेवून, म्हणजे आकार कळेल. आणि त्याआधीच्या सहा तासांत काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, तेही लिहून आणा.