खड्डा बुजला म्हणजे कूर्चा बरी झाली का?

२०२२ साली भारताच्या औषध महानियंत्रकांनी बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीच्या ‘स्टेमप्युसेल’ या मूलपेशी-आधारित उपचाराला गुडघ्याच्या अस्थिसंधिवातासाठी मान्यता दिली. तेव्हापासून ‘कूर्चा आता पुन्हा उगवते’ हे वाक्य माझ्या कानांवर वारंवार पडते, आणि तेही कबड्डी खेळताना गुडघा दुखावलेल्या मुलांच्या पालकांकडून. अस्थिसंधिवात हा संपूर्ण सांध्याचा आजार; तरुण खेळाडूच्या कूर्चेला पडलेली एखाद्या नाण्याएवढी जखम ही निराळीच समस्या आहे. एकाची मान्यता दुसऱ्याला लागू पडत नाही.

मी शल्यविशारद नाही, भौतिकशास्त्राचा अभ्यासक आहे. कोणाच्या गुडघ्यावर कोणती शस्त्रक्रिया करावी हे सांगणे माझे काम नव्हे. परंतु कूर्चा हा भार पेलणारा पदार्थ आहे, आणि पदार्थ दुरुस्त झाला की नाही हे कसे ठरवावे, याविषयी मात्र माझे ठाम मत आहे.

निरोगी कूर्चेचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग पाण्याचा असतो. प्रोटिओग्लायकन रेणूंवरील ऋण विद्युतभारामुळे हे पाणी आत ओढले जाते आणि कोलॅजेन तंतूंचे जाळे त्या फुगवट्याला आवर घालते. पाऊल टेकताच दाब येतो तो प्रथम या कोंडलेल्या पाण्यावर. सूक्ष्म छिद्रांतून ते इतक्या संथपणे झिरपते, की घन जाळ्याच्या वाट्याला भाराचा थोडाच हिस्सा येतो. जाळे फाटले की सारा हिशेब बिघडतो. त्यातच कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे त्वचेसारखी ती आपसूक सांधली जात नाही. विल्यम हंटर यांनी ही गोष्ट १७४३ मध्येच नोंदवली होती.

‘मायक्रोफ्रॅक्चर’ या शस्त्रक्रियेत कूर्चेखालच्या हाडाला बारीक छिद्रे पाडतात. मज्जेतून आलेल्या रक्ताची गुठळी खड्ड्यात साकळते आणि कालांतराने तिथे ऊती तयार होते. ती ऊती मात्र बहुधा तंतुमय असते; तिच्यातील कोलॅजेन वेगळे, पाणी धरून ठेवण्याची क्षमताही कमी. खड्डा बुजतो, पण बुजवणारा माल दुसराच. ‘मोझाइकप्लास्टी’त गुडघ्याच्या कमी भार येणाऱ्या कडेवरून हाडासकट कूर्चेच्या लहान नळकांड्या काढून जखमेत बसवतात. माल अस्सल, पण साठा मर्यादित. तिसरी वाट रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून परत रोपण्याची. स्वीडनमधील संशोधकांनी तिचे पहिले निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१७ मध्ये २ चौरस सेंटिमीटरहून मोठ्या जखमांसाठी तिची शिफारस केली. मात्र सांधा फारसा झिजलेला नसावा आणि त्या जागी पूर्वी दुरुस्ती झालेली नसावी, या अटींवर.

मग पेशीरोपण सर्वश्रेष्ठ ठरते का? नॉर्वेत ८० रुग्णांवर मायक्रोफ्रॅक्चर आणि पेशीरोपण यांची तुलना झाली. सुमारे १५ वर्षांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि जवळपास निम्म्या रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांत अस्थिसंधिवाताच्या खुणा दिसू लागल्या होत्या. याउलट मोठ्या जखमांवरील एका चाचणीत सुधारित पेशीरोपण २ वर्षांअखेर सरस ठरले. मला १५ वर्षांचा आकडा महत्त्वाचा वाटतो. अठराव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेली मुलगी तेव्हा अवघी तेहेतीस वर्षांची असेल.

केवळ ‘वेदना कमी झाल्या’ यावर विसंबणेही धोक्याचे आहे. २००२ मध्ये अमेरिकेत अस्थिसंधिवाताच्या १८० रुग्णांपैकी काहींवर दुर्बिणीची खरी, तर काहींवर लुटुपुटीची शस्त्रक्रिया केली गेली. लुटुपुटीची शस्त्रक्रिया झालेल्यांनाही खऱ्याइतकेच बरे वाटले!

सांधेरोपणाच्या किमतींकडे आपण लक्ष दिले. २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या दरांवर सरकारने मर्यादा घातली. कूर्चेच्या दुरुस्तीबाबत तेवढी जागरूकता मला दिसत नाही. जर्मनीत २०१३ पासून अशा रुग्णांची नोंदवही ठेवली जाते. आपल्याकडेही प्रत्येक रुग्णालयावर बंधनकारक असलेली, किमान १० वर्षे रुग्णांचा मागोवा घेणारी राष्ट्रीय नोंदवही हवी. तिच्यात जखमेचा आकार, रुग्णाचे वय आणि पुन्हा करावी लागलेली शस्त्रक्रिया यांच्या जोडीला एमआरआयचे ‘टी-२’ मापनही असावे. खड्डा किती भरला हे नेहमीच्या एमआरआयवरही दिसते. पाणी आणि कोलॅजेन यांच्या रचनेचा अंदाज या मापनातून येतो.