नितळ पाण्यातले नत्र

सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प पाहावयास पाहुणे आले, की शेवटच्या टाकीतील पाणी काचेच्या पेल्यात भरून दाखविले जाते. पाणी नितळ असते, दुर्गंधीही नसते. पाहुणे समाधानाने परततात. परंतु मलमूत्रातून आलेले नत्र पाण्यात विरघळलेले असते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि गाळूनही जात नाही. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनी जलाशयात जाते. सोलापूर शहर तेच पाणी पिते, आणि पुढे पंढरपुरी वारकरी त्याच नदीत स्नान करतो. उजनीत पाणी थांबले, की हे नत्र व त्यासोबतचे स्फुरद शेवाळाचे आणि जलपर्णीचे खत होते. शेतांतून वाहून येणारी खते त्यात भर घालतात हे खरे. पण तेवढ्याने शहरांची जबाबदारी संपत नाही.

वास्तविक हे नत्र काढण्याचे काम जीवाणू करतात. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास त्यांतील काही जीवाणू वेगळे करून दाखविले. एक गट प्राणवायूच्या साह्याने अमोनियाचे नायट्रेट करतो. दुसरा गट, मोकळा प्राणवायू नसलेल्या टाकीत, नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेऊन सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्यावर जगतो. उरलेले नत्र वायुरूपाने हवेत मिसळते. हवेत ते ७८ टक्के आहेच! पहिला गट सावकाश वाढणारा. गाळ टाकीत पुरेसे दिवस राखला नाही, तर तो वाहून जातो. शिवाय एक ग्रॅम अमोनिया-नत्रामागे सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणजे विजेचे बिल वाढते. मात्र दुसरा टप्पा नीट चालविला, तर त्यातील सुमारे २.८६ ग्रॅमची बचत होते. घरचा जमाखर्च लिहिणाऱ्या कोणालाही हा हिशेब पटावा. पहिल्याच टप्प्यावर थांबणारा प्रकल्प अमोनियाच्या विषापासून मासे वाचवील, पण शेवाळाचे खत तसेच सोडील.

नोव्हेंबर २०१५ च्या केंद्रीय मसुद्यात एकूण नत्राची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम होती. ऑक्टोबर २०१७ च्या अंतिम अधिसूचनेतून नत्र वगळले गेले. ३० एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने पुन्हा १० चीच मर्यादा सांगितली. सरकार कोणाचेही असो, जे मोजावयाचेच नाही ते काढण्याची तसदी कोणता ठेकेदार घेईल?

पुण्यात दररोज ३९.६ कोटी लिटर क्षमतेच्या ११ प्रकल्पांसाठी जपानच्या कर्जाचा करार २०१६ मध्ये झाला. अशा प्रत्येक प्रकल्पाच्या फाटकावर बाहेर पडणाऱ्या पाण्यातील अमोनिया व नायट्रेटचे आकडे दरमहा लावले जावेत, ही आमची मागणी आहे. तेच आकडे सोलापूर महापालिकेकडे आणि पंढरपूर नगरपरिषदेकडेही धाडावेत.