स्टिअरिंग जड झाले म्हणजे पंप गेला, असे नव्हे

जुन्या ट्रॅक्टरचे पॉवर स्टिअरिंग जड झाले, की पुष्कळ शेतकरी बंधू एकच निदान करतात : पंप गेला. मग पुण्याच्या नाना पेठेची वाट धरावयाची, नवा पंप आणून बसवावयाचा, आणि एवढे करूनही स्टिअरिंग जडच राहिले म्हणजे यंत्राला बोल लावावयाचा. ही रीत खर्चाची आहे व अशास्त्रीयही आहे. दोषाचा शोध बिनखर्ची कारणापासून सुरू करून शेवटी महाग कारणाकडे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या यंत्रणेत इंजिनवर चालणारा पंप टाकीतील तेल ओढतो व ते दाबाने स्टिअरिंगच्या व्हॉल्व्हकडे धाडतो. स्टिअरिंग फिरविताच व्हॉल्व्ह ते तेल सिलिंडरमध्ये सोडतो आणि पुढची चाके वळतात. तेव्हा तेल कमी पडले, त्यात हवा शिरली किंवा त्याची वाट तुंबली, तर पंप निर्दोष असूनही जोर मिळत नाही.

म्हणून प्रथम पुढच्या टायरांतील हवा पाहावी. नंतर टाकीतील तेलाची पातळी पाहावी. तेलावर फेस दिसल्यास टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीचा सांधा ढिला नाही ना, हे तपासावे. फिल्टर तुंबला असल्यास बदलावा. पंप पट्ट्यावर चालत असेल, तर पट्ट्याचा ताण पाहावा. तेल भरल्यावर इंजिन मंद चालवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत काही वेळा फिरवावे, म्हणजे हवा निघून जाते; पातळी पुन्हा पाहून तेल पुरे करावे. स्टिअरिंग टोकाला दाबून मात्र धरू नये, तेल तापते.

एवढ्यानेही भागले नाही, तर इंजिन बंद करावे, मागची चाके अडवावीत, पुढचा आस जॅकने उचलून खाली भक्कम ठोकळे द्यावेत. सिलिंडरची जोडणी सोडवून चाके हाताने वळवून पाहावीत. ती अडत असतील, तर दोष तेलाच्या यंत्रणेत नसून ग्रीसवाचून कोरड्या पडलेल्या सांध्यांत आहे. ती सहज वळली, तरच माहितगार मिस्तरीकडून पंपाचा व रिलीफ व्हॉल्व्हचा दाब मापकावर तपासून घ्यावा.

गळती हाताने चाचपू नये. पुठ्ठा धरून पाहावी. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडीत शिरते. तसे झाल्यास जखम लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

जड स्टिअरिंगनेही काम निभते, असे कोणी म्हणेल. शेतात कदाचित निभेल. परंतु भरलेली ट्रॉली घेऊन दिवे घाट उतरताना निभणार नाही. अनेक ट्रॅक्टरांत स्टिअरिंग व चाके यांना जोडणारा दुवा केवळ तेल हाच असतो. जीर्ण होजपाइप फुटला, की चालकाच्या हाती काही उरत नाही. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद केले, तर पंपही थांबतो, हेही ध्यानात ठेवावे.

नवा ट्रॅक्टर घेण्यास शासन साहाय्य देते; घेतलेला ट्रॅक्टर सुरक्षित ठेवणे हे गावाचे काम आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दरवर्षी ऊसवाहतूक सुरू होण्यापूर्वी एक दिवस ठरवून गावातील ट्रॅक्टर एकत्र आणवावेत आणि वरील क्रमाने तपासणी शेतकऱ्यांच्या हातूनच करवावी. त्या दिवशी बदललेल्या एका जुन्या नळीने एखाद्या घरचा कर्ता माणूस वाचू शकेल.