रक्त कमी, की रक्त फुटतंय?

आमच्या घनसावंगीकडे 'रक्त कमी आहे' हे 'पाऊस कमी आहे' इतक्या सहज बोललं जातं. मग लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे, बीट. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण रक्त कमी का आहे, हे कुणी विचारत नाही. ते तयार होत नसेल, कुठून तरी जात असेल, किंवा अंगातल्या अंगात फुटत असेल.

माझ्या एका चुलत वहिनीचं तिसऱ्या प्रकारातलं निघालं. डोळे पिवळे, त्यामुळे सगळ्यांनी कावीळ ठरवून टाकली. माळ घातली, तेल बंद केलं, उसाचा रस सुरू. (रस प्यायला तिची काहीच हरकत नव्हती!) गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन मात्र उतरतच गेलं. शेवटी शहरातल्या एका डॉक्टरांनी हॅप्टोग्लोबिन तपासायला सांगितलं.

हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. १९३८ साली पॅरिसमध्ये पोलोनोव्स्की आणि जेल यांनी शोधलेलं हे प्रथिन यकृतात तयार होतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. ती वेळेआधी फुटली की सांडलेलं हिमोग्लोबिन हे प्रथिन पकडतं आणि त्याच्यासकट स्वतःही संपतं. म्हणून इथे आकडा खाली गेला तर काळजी. वहिनीचा जवळजवळ शून्य होता. पुढे कूम्ब्स टेस्ट झाली, तिचं शरीर स्वतःच्याच पेशी मारत होतं असं कळलं, आणि स्टिरॉइड सुरू झाल्यावर आकडे सावरले. लोहाचा इथे काय उपयोग होणार होता?

म्हणून प्रत्येक तालुक्यात ही तपासणी हवी, असं मात्र मला वाटत नाही. ती महाग आहे, आणि फसवतेही. अंगात सूज किंवा संसर्ग असला की आकडा वाढतो, म्हणजे पेशी फुटत असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. यकृत बिघडलं तर उगाच कमी दिसतो.

१ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सिकलसेलमध्येही पेशी फुटतातच. पण तिचा भर आदिवासी भागांवर, आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबार वगैरे. ते योग्यच आहे. मात्र पेशी फुटण्याची कारणं जिल्हा बघून येत नाहीत.

मला हवंय ते याहून साधं. गोळ्या महिनाभर नीट घेऊनही हिमोग्लोबिन हललं नाही, किंवा डोळे पिवळे आणि यकृत ठीक, तर रक्ताचा स्मिअर बघा आणि रेटिक्युलोसाइट मोजा. त्याला लागतो मायक्रोस्कोप, थोडा रंग, आणि मोजत बसणारा माणूस. हॅप्टोग्लोबिनचा नंबर त्यानंतर.