एकादशी आणि दुप्पट खाशी

भारतात फोन लावला की हवापाणी आणि पेट्रोलचे भाव झाल्यावर तिसरा विषय हमखास वजनाचा. अमक्याचं वाढलं, तमकीने डाएट सोडलं, आणि मग ठरलेला निकाल, "तोंडावर ताबा नाही, दुसरं काय!" माझी एक मावसबहीण हा निकाल ऐकायला नको म्हणून लग्नकार्याला जाणं टाळते. निकाल देणारी मंडळी चांगली शिकलेली आहेत, म्हणून जास्तच राग येतो.

त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगतो. नोव्हेंबर १९४४ मध्ये अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत ३६ निरोगी तरुण आणून ठेवले. युद्धात बंदूक धरायला तत्त्वासाठी नकार दिलेले हे लोक. युरोपातल्या उपाशी जनतेला पुन्हा जेवू कसं घालायचं हे कळावं म्हणून स्वतःहून उपाशी राहायला आलेले. म्हणजे निग्रह कशाशी खातात हे त्यांना शिकवायची गरज नव्हती!

त्यांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १५७० कॅलरी दिल्या. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. वजन साधारण पाव भागाने घटलं, ते अपेक्षितच होतं. पण डोक्याचं काय झालं बघा. माणसं उदास झाली, क्षुल्लक गोष्टींवरून भांडू लागली, मुलींमधला रस संपला. दिवसभर डोक्यात फक्त जेवण. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे. एकजण दिवसाला च्युइंगमची ४० पाकिटं चघळण्यापर्यंत गेला. काहींनी चोरून खाल्लं, तेव्हा बाहेर पडताना जोडीदार बरोबर नेण्याची सक्ती झाली. नंतर हवं तेवढं खायची मुभा मिळाल्यावर रोज ५००० कॅलरींच्या वर खाऊनही भूक भागेना.

आता सांगा, यांच्या तोंडावर ताबा नव्हता?

ही पोरं मुळात सडपातळ होती, जाड माणसाच्या अंगात साठा असतो, हे मान्य. पण आपल्याकडे १२०० कॅलरींचा तक्ता बिनदिक्कत हातात ठेवतात आणि तो मोडला की माणसालाच दोषी धरतात. इथल्या थंडीत खिडकी उघडी टाकली तर हीटर जास्त जोरात चालतो. हीटरला कुणी हावरट म्हणत नाही. (इंजिनिअर आहे, उपमा अशाच सुचणार.)

बरं, उपाशी मारायचीही गरज नाही. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी विद्यार्थिनींना मिल्कशेक पाजून नंतर आइस्क्रीम 'चाखायला' दिलं. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. कायम मोजूनमापून खाणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं! नियम मोडलाच आहे, तर आजचा दिवस गेलाच. आपल्या आज्यांनी हे तीन शब्दांत सांगून ठेवलंय, एकादशी दुप्पट खाशी. आपण ते ढोंगाची टिंगल म्हणून वापरतो. मला ते निरीक्षण वाटतं, आणि चांगलं अचूक निरीक्षण.

दिवसातून दोनदाच खा की दर दोन तासांनी खा, या वादात महाराष्ट्राने किती शाई घालवली! मनाचं काय होतं हे दोन्ही पक्षांत फारसं कुणी विचारलं नाही. आयुष्यभर पाळता येईल एवढाच बदल करा, हे सांगणं कंटाळवाणं, म्हणून त्याची व्याख्यानं होत नाहीत. असो.

आता सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं आली आहेत, २०२५ पासून वजनासाठी भारतातही. घेणारे बरेच जण सांगतात की डोक्यातली खाण्याची भुणभुणच थांबली. औषध बंद केलं की भूक परतते आणि उतरलेल्या वजनाचा बराच भागही. ताब्याची गोष्ट करणाऱ्या काकांना माझा एवढाच प्रश्न आहे : हा ताबा आठवड्याला एका टोचणीने येतो आणि टोचणी थांबली की जातो, तर तो नक्की कुणाचा होता?