झेल कोणाच्या नावावर? एकनाथ सोलकर आणि धावफलकाचे मौन

१/
पनवेल तालुक्यातील एखाद्या गावी कबड्डीचे सामने संपले की व्यासपीठावरून बक्षिसे पुकारली जातात. विजेता संघ, उपविजेता संघ, मग उत्कृष्ट चढाई आणि तिच्या मागोमाग उत्कृष्ट पकड. गुण आणणारा आणि प्रतिस्पर्ध्याला रोखून धरणारा, दोघांच्याही हाती चषक येतो. रायगडच्या मातीत हा हिशेब इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही वेगळे आहे असे कोणाला वाटतच नाही.

२/
क्रिकेटचा हिशेब असा नाही. तिथे धावा मोजल्या जातात, बळी मोजले जातात. पकडणाऱ्याची गणना शेवटच्या रकान्यात, तीही ओझरती. या हिशेबामुळे ज्याच्यावर सर्वाधिक अन्याय झाला, तो खेळाडू मुंबईचा होता. एकनाथ धोंडू सोलकर. हा धागा त्यांच्याविषयी आहे, आणि ज्या नोंदवहीने त्यांना अर्धेच पाहिले, त्या नोंदवहीविषयीही.

३/
आधी आकडे पाहू. २७ कसोटी सामने. १०६८ धावा, सरासरी २५.४२, शतक एक. बळी १८, सरासरी ५९.४४. क्रिकेटच्या आकडेवारीत रमणाऱ्या आजच्या तरुणाने हे आकडे पाहिले, तर तो दोन क्षणांत निकाल देईल : सामान्य फलंदाज, त्याहून सामान्य गोलंदाज. पुढच्या रकान्यात ‘झेल ५३’ असे लिहिलेले असते. तिथवर नजर बहुधा पोहोचत नाही.

४/
यष्टिरक्षक नसताना २७ सामन्यांत ५३ झेल, म्हणजे दर कसोटीत जवळजवळ दोन. वीस किंवा अधिक कसोटी खेळलेल्या क्षेत्ररक्षकांमध्ये हे प्रमाण सर्वोच्च मानले जाते. आणि हे झेल सीमारेषेवर सावकाश खाली येणारे नव्हेत. फलंदाजापासून काही हातांवर, फॉरवर्ड शॉर्ट लेगला, गुडघ्यांत वाकून, डोक्यावर शिरस्त्राण नसताना घेतलेले आहेत. क्रिकेटमध्ये हेल्मेट रुळले तोवर सोलकर यांची कसोटी कारकीर्द संपली होती.

५/
त्या जागेचा धोका नुसता कल्पनेतला नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यातील एका क्लब सामन्यात रमण लांबा हेल्मेटविना याच जागी उभे राहिले. जोरात टोलावलेला चेंडू डोक्यावर आदळला आणि त्यांचा मृत्यू झाला. सोलकर त्या जागी कसोटीमागून कसोटी उभे राहत होते.

६/
त्यांचा जन्म १८ मार्च १९४८ चा, मुंबईतला. वडील मरीन ड्राइव्हवरच्या पी. जे. हिंदू जिमखान्याच्या मैदानाचे माळी. खेळपट्टीला पाणी घालणे, रोलर फिरवणे, गवत राखणे हे त्यांचे काम. कुटुंबाचे घर मैदानालगतच, एका खोलीचे. ज्या हिरवळीवर इतरांची मुले बूट घालून खेळायला येत, ती हिरवळ या मुलाच्या घरासमोर रोज पहाटे तयार होत असे.

७/
या जिमखान्याच्या इतिहासात असा माणूस यापूर्वीही येऊन गेला होता. पळवणकर बाळू यांनी पुण्यात अगदी लहान वयात महिना तीन-चार रुपयांवर खेळपट्टी झाडण्यापासून सुरुवात केली आणि पुढे मुंबईत हिंदू जिमखान्याकडून खेळत देशातील सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून नाव मिळवले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. दलित असलेल्या बाळूंना हिंदू संघाचे अधिकृत कर्णधारपद मात्र कधीच मिळाले नाही. बळी नोंदवहीत गेले, मान नाही.

८/
मैदान राखणाऱ्या हातांचा उल्लेख कोणत्याही धावफलकात नसतो. पंचांची नावे असतात, कधी गुणलेखकांचीही. ज्याने आदल्या संध्याकाळी खेळपट्टीवर रोलर फिरवला, तो अनामिक. सोलकर यांच्या कारकिर्दीचा विचार इथून सुरू करायला हवा. बापाचे श्रम नोंदवहीत शिरलेच नाहीत. मुलाचे शिरले, पण शेवटच्या रकान्यात.

९/
ऑक्टोबर १९६९ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध कसोटी पदार्पण झाले. खरी ओळख पटली ती १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात. किंग्स्टनला भारत ५ बाद ७५ असताना दिलीप सरदेसाई यांच्यासोबत १३७ धावांची भागीदारी. पोर्ट ऑफ स्पेनला ५५ धावा, आणि वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला कसोटी विजय. ब्रिजटाउनला ६ बाद ७० वरून पुन्हा सरदेसाई यांच्याच साथीने १८६ धावांची भागीदारी.

१०/
त्या मालिकेची आठवण सरदेसाई यांच्या २१२ आणि १५० धावांनी, तसेच सुनील गावसकर यांच्या ७७४ धावांनी काढली जाते. ते योग्यच आहे. मात्र किंग्स्टन आणि ब्रिजटाउनला दुसऱ्या टोकाला ६१ आणि ६५ धावा करून जो उभा राहिला, तो नसता तर २१२ आणि १५० या संख्या तिथवर पोहोचल्या असत्या का, हा प्रश्न धावफलक विचारत नाही.

११/
मग २४ ऑगस्ट १९७१, लंडनचे ओव्हल. इंग्लंडच्या भूमीवर भारताचा पहिला कसोटी विजय. दुसऱ्या डावात इंग्लंड १०१ धावांत बाद, भागवत चंद्रशेखर यांचे ३८ धावांत ६ बळी. शालेय प्रश्नमंजूषेतही विचारला जाणारा हा तपशील. त्याच डावातील एक ओळ मात्र सहसा कोणी वाचत नाही : अ‍ॅलन नॉट, झे. सोलकर, गो. वेंकटराघवन, १.

१२/
पहिल्या डावात नॉट यांनी ९० धावा काढल्या होत्या, आणि तेव्हाही त्यांना बाद केले ते सोलकर यांनीच, स्वतःच्याच गोलंदाजीवर झेल घेऊन. दुसऱ्या डावात इंग्लंडचा डाव सावरू शकेल असा फलंदाज तोच होता. वेंकटराघवन यांचा चेंडू बॅटला लागून पुढे पडू लागला आणि सोलकर यांनी जमिनीला समांतर झेपावत गवताच्या काही बोटे वर तो टिपला. त्या क्षणाचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. धावफलकातील तीन शब्द आणि ते छायाचित्र शेजारी ठेवून पाहावे. एकाच घटनेची दोन साधने किती वेगळे बोलतात ते कळते.

१३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचारावे : झेलबादचा बळी गोलंदाजाच्या खात्यात जातो, हे ठरवले कोणी? उत्तर रंजक आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडच्या धावफलकांत फलंदाज झेलबाद झाला, तर त्याच्यापुढे फक्त झेल घेणाऱ्याचे नाव लिहीत. चेंडू कोणी टाकला, याचा उल्लेखच नसे! गोलंदाजाचे नाव जोडण्याची पद्धत रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात.

१४/
म्हणजे आज जो हिशेब निसर्गनियमासारखा वाटतो, तो माणसांनी ठरवलेला आहे आणि एकदा पूर्ण उलटलेलाही आहे. अठराव्या शतकाच्या रीतीने लिहिले असते, तर १९७१ च्या ओव्हलवर नॉट हा बळी एकट्या सोलकर यांचा ठरला असता. दोन्ही रीती अपुऱ्याच. पण रीत बदलू शकते, हे त्यातून सिद्ध होते.

१५/
दुसऱ्या एका खेळाकडे पाहू. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि पुढे धावत जाऊन तो हवेत टिपणारा खेळाडू म्हणजे वाइड रिसीव्हर. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये १९३२ पासून अधिकृत आकडेवारी ठेवली जाते आणि टिपलेला प्रत्येक चेंडू, कापलेला प्रत्येक यार्ड टिपणाऱ्याच्या खात्यात जमा होतो. १९३५ ते १९४५ या काळात ग्रीन बे पॅकर्सकडून खेळलेल्या डॉन हटसन यांचे ४८८ झेल आणि जेरी राइस यांचे १५४९ झेल व २२,८९५ यार्ड तेथील रसिकांना तोंडपाठ असतात.

१६/
राइस हे मिसिसिपीतील एका गवंड्याचे पुत्र. वडिलांच्या हाताखाली काम करताना भावांनी फेकलेल्या विटा झेलत त्यांचे हात तयार झाले, असे सांगितले जाते. एक गवंड्याचा मुलगा, एक माळ्याचा मुलगा. दोघांचीही पुंजी म्हणजे हात. फरक इतकाच की एकाच्या खेळाने टिपण्याला स्वतंत्र कर्तृत्व मानले, दुसऱ्याच्या खेळाने ते गोलंदाजाच्या कर्तृत्वाचे शेपूट मानले.

१७/
अमेरिकन नोंदवहीही निर्दोष नाही, हेही सांगायला हवे. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच आडवे करण्याची नोंद त्या लीगने १९८२ पासूनच अधिकृत केली; त्याआधीच्या बचावपटूंचे हे कर्तृत्व अधिकृत दप्तरात नाही. प्रत्येक दप्तर काही मोजते आणि काही वगळते. मोजणाऱ्याला काय मोलाचे वाटले, ते त्यावरून समजते. बखरीचे असो वा धावफलकाचे, साधन वाचण्याचा पहिला नियम हाच.

१८/
यावर आक्षेप येईल की झेल ही चांगल्या चेंडूचीच परिणती असते. चेंडू फसवा नसता, तर झेल उडालाच नसता. हे खरे आहे, पण अर्धेच. बेदी २६६, चंद्रशेखर २४२, प्रसन्ना १८९, वेंकटराघवन १५६ : या चौघांचे मिळून ८५३ कसोटी बळी. फिरकीपटूचा चेंडू पॅडपाशी हलकेच उडतो, तेव्हा तो टिपणारा तिथे नसेल, तर तो चेंडू नुसता एक निर्धाव चेंडू ठरतो. १९७२-७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत सोलकर यांनी १२ झेल घेतले. ते १२ बळी आज गोलंदाजांच्या खात्यात आहेत.

१९/
झेलांच्या बेरजेतही एक पोकळी आहे. ५३ झेल किती संधींतून आले, किती निसटले, किती संधी दुसऱ्या कोणाला दिसल्याही नसत्या, यातले काहीच धावफलकात नाही. आणि शॉर्ट लेगला सोलकर उभे आहेत, या जाणिवेने ज्या फलंदाजाने पाय पुढे टाकायचे टाळले व पुढच्याच चेंडूवर तो पायचीत झाला, त्या बळीत सोलकर यांचे नाव येण्याची सोयच नाही.

२०/
५९.४४ ही गोलंदाजीची सरासरीही अशीच फसवी आहे. त्या काळच्या भारतीय संघात नव्या चेंडूची चकाकी घालवून तो फिरकीपटूंच्या हाती सोपवणे हे मध्यमगती गोलंदाजांचे मुख्य काम होते. सोलकर ते इमानेइतबारे करत. दुसऱ्याच्या कामाची पूर्वतयारी हेच ज्याचे काम, त्याची किंमत स्वतःच्या बळींत मोजली तर ती कमीच भरणार. वडील खेळपट्टी तयार करत. मुलगा चेंडू तयार करत होता.

२१/
दुसरा आक्षेप असा की सोलकर विस्मृतीत गेलेले नाहीत. ज्यांनी त्यांना पाहिले, ते आजही आदराने नाव घेतात. मग तक्रार कशाची? याचे उत्तर काळ देतो. सोलकर २६ जून २००५ रोजी गेले. सरदेसाई २००७ मध्ये, अजित वाडेकर २०१८ मध्ये, बिशनसिंग बेदी २०२३ मध्ये. पाहणारे एकेक करून जात आहेत. स्मृती माणसांबरोबर संपते. शेवटी उरतो तो कागद. आणि कागदावर २५.४२ आणि ५९.४४ लिहिलेले आहे.

२२/
जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे मैदानावर झालेल्या पहिल्याच कसोटीत सोलकर यांनी वेस्ट इंडीजविरुद्ध १०२ धावा केल्या. हिंदू जिमखान्यापासून ते मैदान फार दूर नाही. ते त्यांचे एकमेव कसोटी शतक. दोन वर्षांनी, जानेवारी १९७७ मध्ये, कोलकात्याला इंग्लंडविरुद्ध ते अखेरची कसोटी खेळले. तेव्हा वय एकोणतीसही पूर्ण नव्हते.

२३/
तरुण इतिहासप्रेमींनी यातून काय घ्यावे? ‘सर्वकालीन भारतीय संघ’ निवडताना सरासरीच्या रकान्यावर बोट ठेवून निवाडा करू नये. जुन्या कसोटींचे पूर्ण धावफलक उघडावेत आणि ‘झे.’ नंतरची नावे मोजावीत. कोणत्या गोलंदाजाचे किती बळी कोणाच्या हातांतून आले, हे काढणे एका संध्याकाळचे काम आहे. त्यातून संघाचे जे चित्र उभे राहते, ते नायकांच्या यादीपेक्षा वेगळे आणि अधिक खरे असते.

२४/
दुसरे काम घराजवळचे. पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात मैदाने राखणारे, गुण लिहिणारे, सामने भरवणारे वृद्ध आजही भेटतात. त्यांच्याकडे कागद कमी, आठवणी अधिक. त्या आज लिहून घेतल्या नाहीत, तर उद्याच्या इतिहासात त्यांचाही रकाना कोराच राहील.

२५/
गावच्या कबड्डीने पकड करणाऱ्याला चढाई करणाऱ्याच्या शेजारी उभे केले, ते कोणत्याही सिद्धान्ताविना. खेळ रोखणाऱ्याशिवाय पूर्ण होत नाही, एवढे त्या मातीवर बसून सामने पाहणाऱ्यांना ठाऊक होते. सोलकर यांच्या ५३ झेलांसाठी कोणी नवा पुतळा मागत नाही. पुढच्या वेळी ‘झे. सोलकर’ ही अक्षरे दिसली, की डोळे गोलंदाजाच्या नावाकडे सरकण्याआधी क्षणभर तिथे थांबावेत, एवढेच.