पाळी जाण्याआधी पिशवी जाते, तेव्हा



पाळी जाण्याबद्दल गटात बोलायला बसलं की दोन वाक्यं हमखास येतात. एक घरातलं: ‘वयाचंच आहे, सोसायचं.’ दुसरं दवाखान्यातलं: ‘मुलं झाली ना? मग पिशवी काढून टाका.’ ही दोन टोकं वाटतात खरी, पण बाईच्या अंगात नेमकं काय चाललंय हे तपासण्याची गरज दोन्हीकडे कुणाला वाटत नाही.

सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडे बहुतेकींच्या बाबतीत हे पंचेचाळीस ते पन्नाशीच्या दरम्यान होतं. त्याआधीची काही वर्षं पाळी मागेपुढे होते, अंगातून गरम वाफा निघतात, घामानं झोपमोड होते, चिडचिड होते. हे मनाचे खेळ नव्हेत. (अर्थात घरकामाची वाटणी आहे तशीच ठेवून बाईचा सगळा संताप हार्मोन्सच्या खात्यावर टाकणं घरच्यांना सोयीचं असतं, तो भाग वेगळा.) या काळात दिवसही राहू शकतात. आणि ‘जायच्या वेळी अंगावरून भरपूर जातंच’ हा समज तर जिवावर बेतू शकतो. रक्ताच्या गाठी पडत असतील, संबंधानंतर रक्त जात असेल, तर तपासून घ्यायलाच हवं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एखादा डाग दिसला तरीही. बहुतेकदा कारण साधंच निघतं, पण कधी ते कॅन्सरचं पहिलं लक्षण असतं.

पाळीबरोबर बाईपण संपतं, असं सांगणारे पुष्कळ आहेत. मला तर ‘रजोनिवृत्ती’ हा शब्दच खटकतो; जणू बाई नोकरीतून निवृत्त झाली. प्रत्यक्षात खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जणी ‘सुटले बाई’ म्हणतात. विटाळ नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावू नको नाही, वारीला निघताना तारखा मोजणं नाही. ही सुटका खरी आहे.

आणि नेमक्या याच सुटकेचा बाजार झाला आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये गाजल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे शेकडा जवळजवळ सतरा. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे. या बायका अडाणी म्हणून फसल्या, असं म्हणून मोकळं होता येणार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, अंगावर मुकादमाची उचल, खाडा झाला की पैसे कापले जाणार, फडात ना आडोसा ना पाणी. अशा ठिकाणी पाळी हे संकटच असतं. त्यात अंगावरून पांढरं जाऊ लागलं, ओटीपोट दुखू लागलं आणि डॉक्टरनं ‘ठेवलीत तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली, की बाई कर्ज काढून ऑपरेशन करून घेते. पांढरं जाण्यामागे अनेकदा जंतुसंसर्ग असतो. तो औषधानं बरा होतो, त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही.

पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले तर जो बदल काही वर्षांत सावकाश व्हायचा तो एका रात्रीत होतो. तिशीतल्या बाईची हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी ते वेळेआधी थकण्याची शक्यता असते. ऑपरेशनच्या आधी हे तिला कुणी सांगितलेलं असतं का? आणि त्यानंतरही तिला मोळी उचलायचीच असते.

काही वेळा पिशवी काढणं गरजेचं असतं, हे मी नाकारत नाही. शहरात उलट हार्मोनच्या गोळ्यांचा प्रश्न असतो. २००२ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास धोके दिसल्यामुळे मधेच थांबवला गेला आणि त्या गोळ्या एकदम वाईट ठरल्या. नंतर कळलं की साठीच्या आतल्या, फार त्रास होणाऱ्या निरोगी बाईला त्यांचा उपयोग होऊ शकतो. तिनं आपल्या आजारांचा, घराण्यातल्या कॅन्सरचा इतिहास सांगून मगच ठरवावं.

अनावश्यक ऑपरेशनांवर देखरेख ठेवण्यासाठी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. जिल्हापातळीपर्यंत समित्या असाव्यात, असं त्यांत आहे. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना त्या तीन महिन्यांत स्वीकारायला सांगितलं. तुमच्या जिल्ह्यात ही समिती आहे का? तिच्यावर कोण आहे, ती शेवटची कधी बसली, चाळिशीच्या आतल्या किती बायकांच्या नोंदी तिच्यासमोर आल्या? माहितीच्या अधिकारात अर्ज करा, आणि जे उत्तर येईल ते पुढच्या अंकासाठी आमच्याकडे पाठवा. उत्तर आलं नाही तर तेही कळवा.